दातांवर ढकलू नकोस

आटपाडी

चि. सौ. सोनूस,


काल रात्री तुझ्या सासूबाईंशी फोनवर बोलणं झालं. पापडांचं पीठ पोचलं का, इथून विषय निघाला आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "बाळाला परवापासून पातळ होतंय, पण काही नाही, दात येताहेत." त्या सहज बोलल्या. तुझ्या आत्याला ते सहज घेता आलं नाही. अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून जन्म घालवलेल्या बाईने हे वाक्य कितीतरी ओट्यांवर बसून ऐकलं आहे आणि त्यापुढे काय काय घडतं तेही पाहिलं आहे. म्हणून फोनवर न बोलता हे पत्र. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि विसरतेस.

आधी तातडीचं. हे पत्र हातात पडेल तेव्हाही बाळाचं पोट बिघडलेलंच असेल तर वाचत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. डोळे खोल गेलेले, लघवी सहा-सात तास झालेली नाही, शौचातून रक्त, मूल मलूल पडून आहे, चमच्यानेही पाणी घेत नाही, यातलं एकही दिसलं तर रात्र काढायची नाही. घरात ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या हव्यातच. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात ती संपूर्ण पुडी घालायची, चमच्या-चमच्याने पाजायची आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप. झिंक सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायचं नाही. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवणही तोडायचं नाही.

आता दातांचं. सहाव्या ते दहाव्या महिन्यात दात येऊ लागतात, हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिरं होतं. एवढंच दातांचं. पाण्यासारखे जुलाब आणि चढता ताप दातांनी येत नाहीत. मग सगळ्यांना तसं का वाटतं? कारण नेमक्या त्याच महिन्यांत आईकडून पोटात असताना मिळालेली संरक्षक द्रव्यं ओसरत असतात, मूल रांगायला लागून फरशीवरचं सगळं तोंडात घालत असतं, आणि सहा महिने पूर्ण झाले म्हणून आपण वरचं खाणं सुरू केलेलं असतं. जुलाबाचं प्रमाण जगभर सर्वांत जास्त असतं ते याच वयात, सहा ते बारा महिन्यांत. दात त्या वेळी तिथे हजर असतात, म्हणून आळ त्यांच्यावर येतो. आणि एकदा तो आला की कोणी वाटीकडे बघत नाही.

वाटीकडे बघ, सोनू. सासूबाईंनी बोलण्याच्या ओघात सांगितलं की ऑफिसला निघायच्या आधी सातला तू खिमट शिजवतेस, मिक्सरमधून फिरवून डब्यात भरतेस आणि त्या दहाला, एकला, चारला त्यातूनच भरवतात. यात तुझी हयगय नाही, उलट पोराला घरचंच मिळावं म्हणून तुझी धडपड आहे, हे आत्याला कळतं. पण सातचं खिमट चार वाजता! ऊब, ओल आणि मऊ शिजलेलं पिठूळ अन्न मिळालं की काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे आठ तासांत किती होतील ते तूच मांड, गणितात तू हुशार होतीस. चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे दीड कोटीच्या वर. वास येत नाही, चव बदलत नाही, खिमट दिसतं तसंच दिसतं.

ही कागदावरची भीती नव्हे. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा छोटा देश आहे, तिथल्या केनेबा गावात १९७० च्या दशकात इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी बाळांच्या वाटीतली पेज तपासली. आपल्याकडे बाजरीची असते तशीच पेज. तिथल्या बायका पावसाळ्यात शेतावर जायच्या आधी सकाळी ती शिजवत आणि दिवसभर तीच मुलाला मिळे. पावसाळ्यात शिजवून तासाभरात घेतलेले काही नमुनेसुद्धा खराब निघाले आणि आठ तास ठेवलेले जवळजवळ सगळेच. जुलाबाने मुलं वाळत होती तीही त्याच महिन्यांत. ती पेज त्या बायकांनी प्रेमाने आणि स्वच्छ मनानेच शिजवली होती. आटपाडीची बाई, पुण्याची बाई आणि केनेबाची बाई यांच्या सकाळच्या घाईत फार फरक नाही.

तू म्हणशील, सासूबाई प्रत्येक वेळी गरम करून देतात. त्याही हेच म्हणाल्या. इथेच चांगली चांगली माणसं फसतात. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतो. त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ती उगवतात आणि एक विष सोडतात, आणि ते विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. हातावरच्या पुळीतून, नाकाला लागलेल्या बोटातून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकसचंही तसंच. गरम केल्याने जिवाणू मरतो, त्याने आधीच करून ठेवलेलं काम पुसलं जात नाही.

म्हणजे प्रश्न फिरून तोच: शिजवून किती वेळ झाला? दोन तासांच्या वर बाहेर राहिलेलं बाळाच्या तोंडात जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटना स्वयंपाकघरासाठी जे पाच नियम सांगते, त्यातही हे दोन तास आहेत. ठेवायचंच असेल तर शिजल्या शिजल्या एका वेळेपुरत्या छोट्या, उथळ डब्यांत भरून, वाफ जिरली की लगेच फ्रीजमध्ये, जिथे ५ अंशांच्या खाली थंडावा असेल तिथे. दाराच्या कप्प्यात ठेवू नये, तिथे दर वेळी दार उघडलं की गार-गरम होतं. त्याच दिवशी संपवायचं. काढताना एकच डबा काढायचा, मधोमध वाफ येईपर्यंत गरम करायचा, आणि वाटीत उरलेलं परत डब्यात घालायचं नाही. बाळाच्या तोंडातला चमचा त्यात बुडालेला असतो. उरलं तर टाकून द्यायचं, चमचाभर अन्नासाठी जीव अडकवायचा नाही.

त्याहून सोपी वाट आपल्या आजीची आहे. रविवारी तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, फडक्यावर पसरून कडकडीत वाळव, मंद आचेवर भाजून घे आणि मिक्सरला जाडसर भरड काढ. कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ती आठवडाभर राहते, कारण कोरड्यात जिवाणूंना वाढता येत नाही. मग सासूबाईंनी दर वेळी दोन चमचे भरड पाण्यात कालवून दहा मिनिटं शिजवली, वरून तूप घातलं, की ताजं खिमट तयार. नाचणीच्या सत्त्वाचंही तसंच. फक्त मोड आणताना नाचणी एक-दोन दिवस दमट कापडात असते, तेव्हा तिच्यात जिवाणूही वाढतात. म्हणून सत्त्व नुसतं कोमट पाण्यात किंवा दुधात ढवळून द्यायचं नाही, चांगलं खदखदू द्यायचं. बुरशीचा जरा वास आला, दाण्यावर काळपट डाग दिसला तर अख्खी पिशवी बाहेर.

तुझी आत्या या एका गोष्टीभोवती एवढी का घुटमळते ते तुला ठाऊक आहे. घरात कोणी तो विषय काढत नाही. आत्याच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या बेबीचा. १९७२ चा दुष्काळ. विहिरींचा तळ दिसत होता, मोठी माणसं खडी फोडायला जात आणि बारा वर्षांची आत्या घरी बेबीला सांभाळत असे. सकाळची ज्वारीची पेज फडताळात झाकून ठेवलेली असायची. हंड्याच्या तळाला दोन बोटं गाळ. बेबीला जुलाब लागले तेव्हा म्हाताऱ्या म्हणाल्या, दात येताहेत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पाणी तोडा, पाणी दिलं की जास्त होतं. ती ओठ चाटत होती आणि कोणी पाणी देत नव्हतं. कोणाचं चुकलं हे आज विचारण्यात अर्थ नाही, त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं.

पण सल आहे तो वेगळा. आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पटकीच्या रोग्यांना पाजला होता. सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या. नातेवाईकच पेल्याने पाजत होते, आणि ३० टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूंचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. बेबीला लागत होतं ते इतकंच, चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर पाण्यात. ते त्या वेळी माणसाला ठाऊक झालेलं होतं, आपल्या गावापर्यंत पोचलेलं नव्हतं. पुढे नोकरी लागल्यावर तुझ्या आत्याने तालुक्यात ओआरएसच्या पुड्या वाटल्या, तेव्हा प्रत्येक घरात तिला ते फडताळ दिसायचं.

तुझ्याकडे सगळं पोचलेलं आहे, म्हणून तर राग येतो.

ओआरएसवरून आठवलं. दुकानात ओआरएसच्या नावाने जे गोड रसाचे डबे मिळायचे ते खरं ओआरएस नव्हतं. त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. जुना डबा कपाटात असेल तर काढून टाक. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघूनच घे.

आता हात. यावर तू हसू नकोस. कराचीच्या गरीब वस्त्यांत २००२-०३ मध्ये काही घरांना साबण दिला आणि कधी धुवायचं ते आठवड्याला जाऊन समजावलं. त्या घरांतल्या पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाब निम्म्याहून कमी झाले, पाच वर्षांखालच्यांचा न्यूमोनियाही निम्मा झाला. पाणी तेच, गटार तेच. आणि साधा साबण जंतुनाशक साबणाइतकाच उपयोगी पडला, तेव्हा महागाच्या बाटल्या घेऊ नकोस. खिमट ढवळायच्या आधी, भरवायच्या आधी आणि बाळाला धुतल्यावर, या तीन वेळा चुकवायच्या नाहीत. बाळाच्या शीची कोणाला किळस नसते, तिला काय होतंय असं सगळे म्हणतात. तिच्यातही मोठ्यांच्या इतकेच रोगजंतू असतात. लंगोट बदलून तसाच चमचा हातात घेतला तर पुढचं सगळं फुकट. बाळाचेही हात धू, ते तर सारखे तोंडात असतात.

आणि मिक्सर! गेल्या दिवाळीत तुझ्याकडे चटणी वाटताना आत्याने पातं सोडवून पाहिलं होतं. पात्याखालच्या रबरी चकतीच्या आत पिवळट, बुळबुळीत थर होता. बोट फिरवलं तर सुटून आला. भांडं वरून लखलखत होतं, तू रोज घासतेस, पण चकतीच्या खाली काथ्या पोचत नाही. शिजवलेलं अन्न आपण त्या थरावरून फिरवून बाळाला देतो. बाळाचं भांडं वेगळं ठेव, चकती काढून गरम पाण्याने घासून उन्हात वाळव. नाहीतर मिक्सर सोड, शिजलेलं खिमट वाटीतच डावाने घोटलं तर पुरतं. आठ महिन्यांच्या मुलाला जरा दाटसर, बारीक गुठळ्या असलेलं खायला यायलाच हवं. पाण्यासारखं पातळ केलेलं पोटही भरत नाही. ओट्याचं ओलं फडकंही असंच फसवं. त्यानेच ओटा, त्यानेच हात, त्यानेच बाळाचं तोंड. बाळासाठी रोज उकळलेले चार रुमाल वेगळे ठेव.

पाण्याबद्दल तुला वेगळं सांगायला नको, तू सिंहगड रस्त्यावर राहतेस. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेडगाव, धायरी परिसरात गियां-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रोगी निघू लागले, दोनशेच्या वर संशयित झाले. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडला, आणि पाण्याकडे बोट गेलं. तेव्हा रोज रात्री तू आत्याला फोन करत होतीस आणि घरात उकळल्याशिवाय थेंब पीत नव्हतात. मग आता का सैल झालीस? सासूबाई म्हणाल्या, फिल्टर आहे ना. फिल्टर असू दे. बाळाचं पाणी खळखळून उकळी आणून, त्याच भांड्यात झाकून गार कर, ओगराळ्याने काढ, पेला बुडवू नकोस. कोंबडी किंवा अंडं द्यायला लागशील तेव्हा आतपर्यंत शिजलेलं दे. कच्चं मांस चिरलेल्या पाटावर केळं कापू नकोस. केळं तर कापायचंच कशाला? स्वतःचं साल घेऊन येणारी ती वस्तू, प्रवासात त्यासारखं दुसरं नाही.

उष्टावणाच्या दिवशी आत्याने तुझ्या जाऊबाईंच्या हातातली मधाची वाटी काढून घेतली, त्याचा राग अजून आहे म्हणे. असू दे. मधात बॉटुलिझमच्या जिवाणूंची बीजं असू शकतात, साध्या उकळण्याने ती मरत नाहीत. वर्षाखालच्या मुलाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात. मूल सैल पडतं, मान धरत नाही, चोखत नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. मोठ्यांना तोच मध बाधत नाही, म्हणून कोणाला खरं वाटत नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही, सोन्याच्या अंगठीनेही नाही. बाळगुटीचंही तेच. सहाण ओली राहते, खारीक-बदाम महिनाभर त्याच डबीत असतात. ती नको.

आणि दुधाची बाटली घरात दिसली, ती कोणी भेट दिली? आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, बाटल्यांची आणि बाळाच्या डबाबंद अन्नाची जाहिरात करायला बंदी आहे, तरी बारशाला बाटल्या येतातच. बूच, नळी, त्यातली भोकं यांच्या आत काय साचतं ते डोळ्यांना दिसत नाही. उघडी वाटी आणि चमचा, बस्स. आजीचं चांदीचं बोंडलं तुझ्याकडे आहे, ते आठवण म्हणून ठेव. त्याच्या चोचीत ब्रश जात नाही.

एवढं लिहून झाल्यावर वाटतंय की पोरीला फार बोलले. तू रडशील आणि मग भीतीने त्याला काही खायलाच देणार नाहीस. तसं करू नकोस. ते याहून वाईट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसं आणि सगळ्या प्रकारचं जेवण मिळत होतं. म्हणजे वाटीच रिकामी असणं हे आपल्याकडचं मोठं दुखणं आहे. नऊ महिन्यांचा झाला की दिवसातून तीन-चार वेळा दे, डाळ, भाजी, अंडं, दही, पेरू शिजवून, तूप घालून. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त दे, गेलेलं वजन भरून यायला ते लागतं. घरचं ताजं लावलेलं दही चालतं, आंबट ताकातले जिवाणू उपद्रवी जिवाणूंना वाढू देत नाहीत, हे आपल्या बायकांनी पूर्वीच ओळखलं होतं. उंबऱ्यातली माती त्याने एकदा खाल्ली म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्या दिवसभर त्याला कडेवर घेतात, पाय दुखत असताना. त्यांना सांग की आत्याने भरड करायला सांगितली आहे, आणि भाजायचं काम त्यांनाच दे. त्यांचा हात चांगला आहे. भरवायची वेळ त्यांनी कागदावर लिहून फ्रीजला लावली तर बरं, शिजवलेल्याची वेळही त्याच्याशेजारी. चुकलं तर त्यांना नाव न ठेवता आत्याचं नाव पुढे कर.

आणि स्वतःला दोष देत बसू नकोस. तू ऑफिस, घर, पोर, पाळी-पाळीने सगळं धरून उभी आहेस. तुझे बाबा तुझं कौतुक करत नाहीत, त्यांना बोलता येत नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाला फोनमधला तुझ्या बाळाचा फोटो दाखवतात. तुझ्या आत्याला तुझ्यात बेबीची आई दिसते, म्हणून ती ओरडते. आक्काला कोणी सांगणारं नव्हतं.

गुरुवारी आत्या एसटीने येते आहे, स्वारगेटला कोणाला पाठवू नकोस, ती रिक्षाने येईल. भरडीसाठी आंबेमोहोर आणि नवी मूगडाळ घेऊन येते. तोपर्यंत बाळाला दिवसातून किती वेळा होतंय आणि लघवी किती वेळा झाली एवढं रोज संध्याकाळी कळव. आणि तू दुपारी डबा खातेस की तसाच परत आणतेस, तेही खरं सांग.

तुझी,
आत्या